सहाव्या रात्रीचा कोरा कागद

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गड आणि लढाया उभ्या राहतात, आणि त्यांतले मला फारसे कळत नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी नातीचा जन्म झाला. बाळंतविडा काढण्यासाठी जुनी ट्रंक उघडली, तर तळाशी आजोबांची घरखर्चाची चोपडी मिळाली. ती वाचता वाचता मनात आले, की घराच्या माजघरालाही इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवत नाही, इतकेच. तेव्हा भगिनींनो, आज बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास सांगते.

चोपडी शके १८३८ सालची, म्हणजे इसवी सन १९१६ पासूनची. अक्षर मोडी. मोडी वाचायला मला वडिलांनी शिकवले होते, त्याचा आज उपयोग झाला. तेलमीठ, शेतसारा, देवाची दक्षिणा अशा नोंदींतच अधूनमधून आजीची बाळंतपणे आली आहेत. डिंक इतका, खारीक इतकी, सुईणीस लुगडे आणि पायलीभर जोंधळे. मुलगी झाली असेल तर लुगड्याऐवजी खण. एकूण नऊ बाळंतपणे. त्यांतली पाच मुले पुढे मोठी झाली. माझे वडील त्यांतले तिसरे. उरलेल्या चौघांपैकी एकाची नोंद अशी आहे : शके १८४१, मार्गशीर्ष, मुलगी, सहावे रात्री गेली. त्यापुढची ओळ गुळाच्या ढेपेची आहे.

ही माझी आत्या. तिला नाव नाही, कारण बारसे बाराव्या दिवशी असते आणि तिला सहाच दिवस मिळाले.

सहावी रात्र ही आपल्याकडे सटवाईची. कुणाकडे पाचवी पुजतात, कुणाकडे सहावी. पाटा मांडून त्यावर वरवंटा ठेवायचा, हळदकुंकू वाहायचे, विळा ठेवायचा, आणि शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री बायकांनी जागायचे, बाळाला एकटे सोडायचे नाही. लहानपणी मला हे सारे मोठे मौजेचे वाटे. आज वाटते, त्या जागरणात मौज थोडी आणि धास्ती फार होती. कारण त्या दिवसांत मुले खरोखरच जात होती.

का जात होती? नाळ कापायला घरातला विळा घेत. गवत कापायचा, भाजी चिरायचा तोच विळा, पदराला पुसला की झाला स्वच्छ. कापलेल्या नाळेवर कुठे राख लावीत, कुठे शेणाची राख. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, हे १८८४ साली त्या जंतूंचा शोध लागला तेव्हापासून शास्त्रज्ञांना कळत गेले, पण आमच्या माजघरापर्यंत ते यायला बरीच वर्षे लागली. जंतू नाळेतून शिरला, की साधारण पहिल्या आठवड्याच्या सुमारास बाळ दूध ओढेनासे होई, जबडा मिटे, अंग ताठे, आचके येत. घरचे म्हणत, सटवी लागली. पाचवी-सहावीच्या रात्रीची एवढी धास्ती का, याचे एक कारण मला इथे दिसते. बायकांनी दिवस अचूक ओळखला होता. कारण मात्र त्यांच्या हाती नव्हते. ज्या विळ्याने घात केला, तोच विळा संरक्षणासाठी पुजेत मांडलेला असे.

आता सुईणीकडे वळू. त्या काळी पुष्कळ गावांत सुईणपण मातंग समाजातील स्त्रियांकडे असे. आजीची सुईणही तशीच. नवाच्या नऊ मुलांना पहिला हात तिचा लागला. पण दहा दिवसांची सुवेर फिटली, की त्याच बाईला ओटीवरही येता येत नसे. जोंधळे अंगणातून वरून पदरात टाकीत. चोपडीत तिचे नाव एकदाही नाही, नुसते 'सुईणीस' असे आहे. आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाचे काय? पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात निबंध लिहिला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, असे तिने त्यात विचारले आहे. लिहिणारी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होती. बाळंतिणीचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिले पान तिचे ठेवावे असे मला वाटते. १८६३ साली याच फुले दांपत्याने फसलेल्या विधवांसाठी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तिथे जन्मलेल्या एका मुलाला स्वतःचा मुलगा मानून वाढवले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

दुसरे पान आनंदीबाई जोशी यांचे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या पदवीच्या मुळाशी ते दहा दिवसांचे मूल आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परत आल्यावर काम करायला त्यांना आयुष्यच लाभले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या गेल्या.

त्यांच्या पदवीच्याच वर्षी मुंबईत बायकामुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. त्याआधी वर्षभर लेडी डफरिन फंडाची स्थापना झाली होती. पण पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायची नाही, आणि परिचारिकेचे काम कुलीन बाईने करायचे नाही, अशा दोन भिंती मध्ये होत्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि विधवा, परित्यक्ता मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. पुढे ज्यांनी नाके मुरडली त्यांच्याच घरी बाळंतपणाच्या वेळी नर्सबाईंची वाट पाहू लागले. अशा रीतीने दुसरी भिंत पडली.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. आजीला सव्वा महिना खोलीतून उठू देत नसत. शेक, शेगडी, बाळंतशेपा, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सारे जागच्या जागी. परंतु गिरणीत काम करणाऱ्या बाईला हा सव्वा महिना कोण देणार? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. सर्व देशासाठी कायदा व्हायला १९६१ साल उजाडले. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली. आमच्या सुनेला ती मिळाली. ती सव्वीस आठवडे घरी आहे, हे ऐकून आमच्या आळीतल्या आजीबाईंना नवल वाटते, पण त्यामागे नव्वद वर्षांचा खटाटोप आहे.

माझ्या मुलाचा जन्म १९७५ सालचा, तालुक्याच्या गावी दवाखान्यात. नाळ उकळलेल्या कात्रीने कापली, म्हणून सहावी रात्र निर्धास्त गेली. पण घरी आल्यावर बाकीचे सारे जुनेच. पहिले दोन दिवस चीक काढून टाकला, कारण तो जड असतो असे आईने सांगितले. मध चाटवला. खोलीची खिडकी बंद, ओवा-वेखंडाची धुरी इतकी की माझेच डोळे चुरचुरत. आई प्रेमानेच करीत होती, आणि मीही प्रेमानेच करू देत होते. आज कळते, की तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होती. असो.

१९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस, आणि नव्या पात्याने नाळ कापणे, एवढ्या दोन साध्या गोष्टींनी सटवाईची रात्र बदलत गेली. २०१५ साली, माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ही बातमी आली त्या दिवशी आपण कोणी पेढे वाटले नाहीत. वाटायला हवे होते.

आणि चौथी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. दवाखाना दूर, रस्ता नाही, तर नवजात मूल वाचवायचे कसे? त्यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना तयार केले. बाळाचे वजन कसे घ्यावे, श्वास कसे मोजावे, ऊब कशी द्यावी, गुदमरले तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि इंजेक्शन केव्हा द्यावे, हे त्या शिकल्या. नवजात मुलांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन हेच काम करू लागल्या. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ वर्ष पुरे होण्याआधी जात. २०२० साली ही संख्या २८ झाली. अठ्ठावीसही थोडी नाही, कारण त्यातली प्रत्येक नोंद एका घरातली आहे.

आता शेवटी थोडे घरचे सांगते. नात घरी आली त्या दिवशी मी सोन्याची अंगठी मधात बुडवून आणली. सून हळूच म्हणाली, "आई, वर्षाच्या आत मध नको, डॉक्टरांनी बजावलं आहे." काजळही नको, धुरीही नको. मी काही बोलले नाही, पण मनाला लागले. दोन दिवस मी स्वयंपाकघरातच राहिले. आमच्या हातून काय मुले वाढली नाहीत? हाच विचार मनात घोळत होता. तिसऱ्या रात्री चोपडी उघडली आणि मार्गशीर्षातली ती ओळ पुन्हा वाचली. आमच्या हातून वाढली ती पाच; नऊ नव्हेत. आजीच्या प्रेमात काही कमी होते का? मुळीच नाही. कमी होते ते फक्त स्वच्छ पाते. मग सुनेचा राग कशाचा धरायचा?

सकाळी मी तिच्या खोलीची खिडकी स्वतः उघडली. तिनेही विचारले, "आई, तुमचा तो आळीव आहे ना? आणि बाळाला तेल लावायला याल ना?" ऊब, तेलाचा हात, बाळंतिणीची विश्रांती, तिच्या ताटातले गरम अन्न, हे आपले जुने सारे डॉक्टरही ठेवा म्हणतात. टाकायचे ते टाकले, की ठेवायचे ते निवांतपणे ठेवता येते.

सहावीची पूजा आम्ही केली. पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद ठेवला. विळा मात्र मी ठेवला नाही. कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पहाटे सुनेने त्याच कागदावर बाळाचे वजन आणि लसींच्या तारखा लिहून तो कपाटाच्या दाराला चिकटवला.

भगिनींनो, दोन विनंत्या करून लेखणी ठेवते. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला सव्वीस आठवड्यांचा कायदा लागू नाही. पंधराव्या दिवशी ती पोटाला पदर बांधून आपल्या दारात उभी राहते. तिचा सव्वा महिन्याचा पगार आपण मिळून द्यावा आणि रोज एका घरून तिला डबा जावा, एवढे आपल्या मंडळाला अवघड नाही. दुसरे असे, की घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारून त्यांची सगळी बाळंतपणे लिहून घ्या. जगलेली मुले आणि गेलेलीही, आणि सुईणीचे नावसुद्धा. मंडळाने त्यासाठी एक वही घालावी. पहिली नोंद मी देते : शके १८४१, मार्गशीर्ष, मुलगी, सहा दिवसांची, माझी आत्या.