चाकांवरची बिऱ्हाडे आणि त्यांची पारख

विलायतेत घर विकत घेणाऱ्याच्या दिमतीस वकील आणि सर्वेक्षक असतात, आणि तीन वर्षांहून जुनी मोटार घेणाऱ्यास सालाबादच्या तपासणीचा सरकारमान्य दाखला मागता येतो. परंतु या दोहोंच्या मधोमध पडणारी जी वस्तू, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यावयाचे कॅरव्हान नावाचे फिरते घर, तिच्यासाठी सरकारदरबारी ना नोंदवही आहे ना परीक्षा. तिला स्वतःचा क्रमांकही नसतो; जी मोटार तिला ओढील तिचाच क्रमांक तिच्या पाठीवर लावावा लागतो, आणि मोटार बदलली की पाटीही बदलते. अशा या जिनसेची जुन्या मालातील खरेदीविक्री कित्येक वर्षे गिऱ्हाइकाच्या नाकावर, बोटांवर आणि विक्रेत्याच्या इमानावर चालत आली; त्यामुळे कोणत्या काळी गिऱ्हाईक काय तपाशीत होते याचा मागोवा घेऊ लागलो, तर त्या धंद्याचा बराचसा इतिहास अनायासे हाती लागतो.

मौजेची गोष्ट अशी, की ज्या लोकांनी हे चाकांवरचे घर इंग्लंडात लोकांच्या डोळ्यांत भरविले, त्यांच्यात मृताचे घर विकत घेण्याचा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. ज्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले आणि ज्यांच्या भाषेचे आपल्या भाषांशी असलेले नाते आज सर्वमान्य आहे, ते रोमानी लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुधा तंबूतच राहत. पुढे त्यांनी घोड्याने ओढावयाच्या घरगाड्या पत्करल्या, आणि रेडिंगचे डन्टन, लीड्सजवळच्या रॉथवेल येथील बिल राइट यांच्यासारखे कसबी कारागीर त्या गाड्या कोरीव कामाने आणि सोनेरी वर्खाने अशा नटवून देऊ लागले, की त्यांतल्या कित्येक आज वस्तुसंग्रहालयांत मानाने उभ्या आहेत. मात्र घरधनी वारला म्हणजे त्याची गाडी त्याच्या चीजवस्तूंसह जाळून टाकण्याचा त्यांचा प्रघात होता. बाजारभावाच्या हिशेबाने हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार खरा. पण मेलेल्याच्या वस्तूवर जिवंतांनी संसार थाटू नये, ही भावना त्या हिशेबाहून बलवत्तर होती.

हौसेखातर अशा गाडीत राहण्याची कल्पना सभ्य समाजात रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थास देतात. आरमारातील शल्यवैद्याची नोकरी सोडून मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या या मनुष्याने ब्रिस्टल वॅगन वर्क्स या, रेल्वेचे डबे बांधणाऱ्या, कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची सुमारे दोन टनांची गाडी करवून घेतली, आणि 1885 साली दोन घोडे, एक सारथी, एक नोकर, एक कुत्रा व एक काकाकुवा एवढा लवाजमा घेऊन बर्कशरमधील ट्वायफर्डपासून थेट इन्व्हर्नेसपर्यंतचा प्रवास केला. ती गाडी अद्याप शाबूत आहे. डब्यांच्या कारखान्यातील सुतारांनी बसविलेले सांधे आणि भरीव महॉगनी यांस ओलीचे भय बेताचेच असावे. त्या काळच्या घरगाडीची पारख करणारा मनुष्य भिंतींकडे फारसा न पाहता खाली वाकून चाकांकडे पाही: आरे ढिले झाले आहेत काय, तुंबा तडकला आहे काय, उन्हाळ्यात लाकूड आकसून लोखंडी धाव सैल पडली आहे काय. बैलगाडी घेताना आपल्याकडील शेतकरी जे पाहत आला, तेच हे. पुढे 1907 साली जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकाराने कॅरव्हान क्लब स्थापन झाला, स्टेबल्स त्याचे एक उपाध्यक्ष झाले, आणि एका विक्षिप्त डॉक्टरचा छंद खानदानी मंडळींच्या सुट्टीचा शिरस्ता होऊ लागला.

घोडा जाऊन मोटार आली आणि या घराचा वैरीच बदलला. 1919 साली बर्मिंगहॅममध्ये रायली पितापुत्रांनी एकल्स या नावाने मोटारीमागे ओढावयाच्या कॅरव्हान बांधून विकण्यास प्रारंभ केला. घोड्याने ओढावयाच्या गाडीचे वजन मोटारीस पेलणारे नव्हते. म्हणून लाकडाचा हलका सांगाडा, त्यावर प्लायवुडचे तक्ते आणि छपरावर रंगविलेला कॅनव्हास, अशी रचना आली. घोडा ताशी तीन-चार मैल चाले. मोटार त्याच्या कित्येक पट वेगाने खाचखळग्यांतून हे नाजूक घर फरपटत नेऊ लागली. प्रत्येक हिसक्याने सांधे कणभर हलावेत, हललेल्या सांध्यातून पावसाचे पाणी आत यावे आणि दोन तक्त्यांमध्ये दडून त्याने लाकूड कुजवावे, हा क्रम तेव्हापासून जो सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. प्रकाश व वारा यावा म्हणून छपराचा मध्यभाग उंच करून त्यास लहान लहान खिडक्या बसविण्याची जी शोभिवंत पद्धत त्या काळी लोकप्रिय होती, तिने तर पाण्यास आणखी दहा वाटा करून दिल्या.

दुसऱ्या महायुद्धात या घरांची कथा काही काळ भलत्याच वळणावर गेली. जुन्या मालातील सर्वांत नामांकित कॅरव्हान कोणती असे विचारल्यास मी तरी सेनापती माँटगोमेरींच्या गाड्यांकडेच बोट दाखवीन. कारण त्यांचे चाकांवरचे कार्यालय मूळचे इटालियन सेनानी बेर्गोंझोली यांचे, आणि शयनगृह मार्शल मेस्से यांचे, आणि दोन्ही खरीदखतावाचून, केवळ पाडावाच्या हक्काने, ब्रिटिशांच्या ताब्यात आलेली. आज ती डक्सफर्डच्या युद्ध-संग्रहालयात आहेत.

युद्ध संपले तेव्हा घरांची टंचाई एवढी होती, की हजारो कुटुंबांनी कॅरव्हानमध्येच कायमचे बिऱ्हाड केले. आणि लाकूड मात्र परवान्यावाचून मिळेना. कारखानदारांनी मग भिंतींस हार्डबोर्ड वापरण्यास सुरुवात केली. ही युक्ती नाइलाजाची होती, आणि तिचे प्रायश्चित्त पुढे जुन्या मालाच्या गिऱ्हाइकांनी भोगले. कारण पाणी प्यालेला हार्डबोर्ड फुगतो आणि मग त्याचा भुसा होतो. याच सुमारास सॅम आल्पर या तरुणाने 199 पौंडांची ‘स्प्राइट’ बाजारात आणून श्रीमंतांचा हा छंद कारकुनाच्या आणि गिरणीकामगाराच्या आवाक्यात आणला. हाच गृहस्थ पुढे हमरस्त्यांवरील ‘लिटल शेफ’ उपाहारगृहांचाही संस्थापक झाला. इंग्रजाच्या सुट्टीची नाडी त्याच्याइतकी क्वचितच कोणी ओळखली असेल. पुढे स्प्राइट आणि एकल्स एका छत्राखाली आल्या, 1963 साली कॅरव्हान्स इंटरनॅशनल ही मोठी संस्था उभी राहिली, आणि 1982 साली ती बुडाली. पण तिच्या गाड्या मात्र अंगणोअंगणी उरल्या, आणि कॅरव्हानचा जुना बाजार खऱ्या अर्थाने फुलला तो अशा गाड्यांवरच.

सत्तरीच्या दशकापासून भिंतीची रचना पुन्हा पालटली: बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये फोमचा थर, आत प्लायवुड, आणि आधाराला लाकडी पट्ट्या. ही भिंत हलकी व ऊबदार खरी, परंतु तिचा एक दुर्गुण असा, की आतून ती पार कुजून गेली तरी बाहेरचा पत्रा आरशासारखा लखलखीत राहतो. म्हणून जाणता ग्राहक बाहेरच्या झिलईने भुलत नाही. दिवसभर बंद असलेल्या गाडीचे दार उघडून तो प्रथम वास घेतो, आणि आत सुगंधी द्रव्याचा मारा जाणवला तर त्याचा संशय अधिकच बळावतो. मग तो कपाटे उघडून कोपऱ्याकोपऱ्यांत, खिडक्यांच्या खालच्या कडांशी, छपरावरच्या झरोक्याभोवती आणि पडवीचा तंबू अडकविण्याची पट्टी जिथे स्क्रूंनी बसविलेली असते त्या रेषेच्या आतल्या बाजूस अंगठ्याने दाबून पाहतो. कारण त्या स्क्रूंखालची चिकट लांबी काही वर्षांत वाळून भेगाळते आणि पाणी स्क्रूच्या वाटेनेच आत उतरते. दोन टोकदार सुयांचे ओलमापक यंत्र आल्यापासून अंगठ्याच्या जोडीला आकडे आले: 15 टक्क्यांपर्यंत निर्धास्त, 20 पर्यंत नजर ठेवावी, त्यापुढे दुरुस्ती, आणि 30 च्या वर लाकूड कुजत असल्याची जवळजवळ खात्री. तथापि थंडीवाऱ्यात, नुकत्याच शेगडी पेटवून तापविलेल्या गाडीत हे आकडेही फसवितात, आणि मग अंगठाच खरा ठरतो. दारापाशी पायाखालची जमीन करकरत किंवा दबत असेल तर तिच्या थरांनी एकमेकांची साथ सोडली असे समजावे. त्यात भोके पाडून राळ भरण्याचा उपाय आहे, परंतु त्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्यावा.

खालच्या लोखंडी सांगाड्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 1980च्या दशकात अल-को या जर्मन कंपनीचे जस्ताचा मुलामा दिलेले सांगाडे सर्वत्र झाले आणि गंजाचे भय पुष्कळ ओसरले. टायरांचे मात्र वेगळे. कॅरव्हान वर्षातले बहुतेक दिवस एकाच जागी उभी असते, म्हणून तिचे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी बाजूवर ठसविलेला आठवडा आणि वर्ष वाचावे, आणि पाच-सात वर्षांपलीकडचे टायर बदलण्याचे पैसे हिशेबात धरावेत. गॅसच्या रबरी नळीवरही सालाचा छाप असतोच.

मालकीचा प्रश्न सर्वांत उशिरा मार्गी लागला. क्रमांकाविना फिरणारे घर रातोरात आकडीला जोडून पळविणे चोरास फार सोपे, आणि चोरीचा माल ओळखण्याची खूण काहीच नाही; अखेर 1992 साली या धंद्यानेच क्रिस नावाची नोंदणी सुरू करून प्रत्येक नव्या गाडीस सतरा अक्षरांचा क्रमांक दिला आणि तो खिडक्यांच्या काचांवर कोरून ठेवला. सर्व काचांवर एकच क्रमांक आहे काय, तो सांगाड्यावरील व नोंदणीच्या कागदावरील क्रमांकाशी जुळतो काय, कोणी खाडाखोड केली आहे काय, याची रुजुवात करावी आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय याचीही चौकशी करावी. आपल्या सातबाऱ्याप्रमाणेच हा कागदही मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. गाडी कोणाच्या ताब्यात आहे एवढेच तो सांगतो.

2010च्या सुमारास बेली या ब्रिस्टलच्याच कंपनीने भिंतींच्या सांध्यांतून लाकूड हद्दपार करणारी ॲल्युमिनियमची चौकट आणली, आणि इतरांनीही निरनिराळ्या मार्गांनी तोच प्रयत्न केला. अशा गाड्यांवर पाणी न शिरण्याची सहा किंवा दहा वर्षांची हमी मिळते. परंतु ती हमी दरवर्षी ठरलेल्या मुदतीत मान्यताप्राप्त कार्यशाळेत ओलीची तपासणी करून घेतली असेल तरच टिकते. म्हणून अशी गाडी घेताना पुस्तिकेतील शिक्के वर्षावार मोजावेत, आणि मधले एखादे वर्ष कोरे आढळल्यास सौदा पुढे नेण्यापूर्वी त्या वर्षाचा खुलासा विक्रेत्याकडून लेखी मागावा.