जपानमधील अक्षरज्ञानाची परीक्षा : एक ऐतिहासिक आढावा



समाजात शिक्षण मागे पडले की दोष कोणाच्या तरी माथी मारण्याची घाई होते. कधी तो गरिबीच्या, कधी शिक्षकाच्या, तर कधी लिपीच्या माथी बसतो. आपल्या घरातील मूल उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिते, मराठी डावीकडून उजवीकडे लिहिते आणि त्यावर इंग्रजी आहेच. एवढ्या लिप्यांचे ओझे कोवळ्या मेंदूला झेपेल काय, हा प्रश्न म्हणूनच आपल्या बैठकींना नवा नाही. जपानने हाच प्रश्न स्वतःला ८० वर्षे विचारला आणि शेवटी वाद बाजूला ठेवून लोकांची परीक्षाच घेऊन पाहिली. त्या परीक्षेची हकीकत आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

प्रथम त्या लिपीविषयी दोन शब्द. आपल्याकडे कांजी म्हटले की तांदळाची पेज किंवा कपड्याची खळ आठवते. जपानी भाषेत कांजी म्हणजे चीनमधून आलेली चित्रलिपीवजा अक्षरे. त्यांच्या जोडीला 'काना' नावाच्या उच्चारदर्शक अक्षरांचे दोन संच असून प्रत्येकात ४६ मूळ अक्षरे आहेत. काना लवकर येतात. खरी कसोटी कांजीची. एका अक्षराचे उच्चार अनेक असतात. डोंगराचे अक्षर एकटे असताना 'यामा' वाचतात, पण फुजी पर्वताच्या नावात तेच अक्षर 'सान' होते. अशी अक्षरे शेकड्यांनी नव्हे, हजारांनी आहेत.

ही अक्षरे टाकून द्यावीत, अशी विनंती १८६६ साली माएजिमा हिसोका या गृहस्थाने थेट शोगुनकडे केली होती. मुलांचे आयुष्य अक्षरे घोकण्यात जाते, विद्या कधी शिकणार, असा त्याचा मुद्दा. याच माएजिमाने पुढे जपानचे टपाल खाते उभारले. त्याची विनंती मान्य झाली नाही, पण वाद पेटला तो विझला नाही. १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली, तेव्हा लिपी बदलता येते याचा दाखलाच जगापुढे आला.

१९४५ साली जपानचा पराभव झाला आणि देश अमेरिकी अंमलाखाली आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेहून शिक्षणतज्ज्ञांचे मंडळ आले. कांजीमुळे सामान्य जनता ज्ञानापासून वंचित राहते, सबब रोमन लिपी स्वीकारावी, अशी शिफारस त्याने केली. पराभूत राष्ट्राचा आत्मविश्वास किती खचतो पाहा: शिगा नाओयासारख्या नामवंत साहित्यिकाने त्याच वर्षी जपानी भाषाच सोडून फ्रेंच घ्यावी, असे सुचविले! सरकारने मधला मार्ग काढला आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये नित्य वापरासाठी १८५० कांजींची यादी जाहीर केली.

परंतु जनतेला वाचता येत नाही, हे कोणी मोजले होते? कोणीच नाही. म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये देशभरातील २७० गावे व शहरे निवडून वाचन-लेखनाची पाहणी झाली. रेशनच्या नोंदवह्यांतून, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, १५ ते ६४ वयाच्या स्त्री-पुरुषांची नावे काढली. ही निवडपद्धती हायाशी चिकिओ या संख्याशास्त्रज्ञाच्या हातची होती. सुमारे १७ हजार माणसे, त्यांत शेतकरी, कोळी, गृहिणी असे सर्व, एकच प्रश्नपत्रिका सोडवायला बसली. काना लिहिणे, कांजी वाचणे व लिहिणे, शब्दाचा अर्थ आणि उताऱ्याचे आकलन, असे प्रश्न तीत होते.

निकालाने अनेकांना चकित केले. कांजीचे एकही अक्षर लिहू न शकणारे, म्हणजे निरक्षर, अवघे २.१ टक्के निघाले. पाहणीत काम केलेले भाषाशास्त्रज्ञ शिबाता ताकेशी तेव्हा तिशीतले होते. त्यांनी पुढे सांगितले, की पाहणीशी संबंधित अमेरिकी अधिकारी पेल्झेल यांनी त्यांना हॉटेलवर बोलावून निरक्षरांचा आकडा वाढवता येईल काय, असे विचारले. विद्वान म्हणून आपल्याला ते करता येणार नाही, असे उत्तर शिबाता यांनी दिले आणि विषय तेथेच संपला. रोमन लिपीचा आग्रहही पुढे ओसरला.

याच अहवालातील दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. सगळे प्रश्न बरोबर, किंवा केवळ नजरचुकीची एखादी चूक, असे पूर्ण साक्षर फक्त ६.२ टक्के होते. म्हणजे निरक्षर जवळजवळ कोणी नाही, आणि वर्तमानपत्र सुखाने वाचील असाही क्वचितच. आकडा कोणता उचलावा हे ज्याच्या त्याच्या मतलबावर! माझ्या मते मोल आहे ते मोजण्याला. आपल्या १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के भरली. २०११ साली ती ७४ टक्क्यांवर गेली. पण जनगणनेत विचारले जाते, तपासले जात नाही. घरच्याने 'होय, येते' म्हटले की माणूस साक्षर झाला.

पुढे यादी आटोपशीर राहील ही अपेक्षाही फोल ठरली. १९८१ साली ती १९४५ अक्षरांची झाली आणि २०१० साली २१३६ ची. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत आज १०२६ अक्षरे शिकवतात. पहिलीच्या वाट्याला ८०. लोकांना कांजीचे ओझे वाटते म्हणावे, तर १९७५ पासून एका खासगी संस्थेने सुरू केलेल्या 'कांजी केंतेई' या परीक्षेला मुले, कारकून आणि सेवानिवृत्त वृद्धही पदरचे पैसे भरून बसू लागले. दहावी श्रेणी म्हणजे ती ८० अक्षरे, आणि सर्वांत वरची पहिली म्हणजे सुमारे ६००० अक्षरे, जी बहुसंख्य सुशिक्षित जपानी माणसांनाही येत नाहीत. उत्तर हाताने लिहावे लागते. रेघेचा शेवट चुकीचा वळला तर गुण जातो. २००८ च्या सुमारास परीक्षार्थींची संख्या वर्षाला २५ लाखांच्या वर गेली. पैसा आला तशी लबाडीही आली. संस्थेची कामे प्रमुखांच्या घरच्याच कंपन्यांना दिली जात असल्याचे उघड झाले आणि २००९ साली प्रमुखांना पद सोडावे लागले व अटकही झाली. परीक्षा मात्र चालू राहिली.

आपल्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो तो परदेशी लोकांसाठी १९८४ साली सुरू झालेल्या जपानी भाषा प्राविण्य परीक्षेशी. कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहिलेल्या नागपूरकराला जपानची ओळख असते. परंतु भाषेच्या अभ्यासात महाराष्ट्रात पुण्याने आघाडी घेतली. पुणे व मुंबई येथे या परीक्षेची केंद्रे आहेत. जुन्या पद्धतीत चार श्रेण्या होत्या आणि १००, ३००, १००० व २००० अशी कांजींची चढती अपेक्षा असे. २०१० पासून पाच श्रेण्या असून अक्षरांची यादी प्रसिद्ध केली जात नाही. येथे काहीही लिहावे लागत नाही. चार पर्यायांतून एक निवडून पेन्सिलीने गोल काळा करायचा असतो. वरच्या श्रेणीत १८० पैकी १०० गुणांना उत्तीर्ण करतात, पण तिन्ही विभागांत प्रत्येकी ६० पैकी निदान १९ गुण हवेत. कांजीत कितीही गुण मिळवले आणि श्रवणात १८ पडले, तर विद्यार्थी नापास होतो.