स्टोमा असताना कपडे आणि आधारपट्टा: काय निवडावे, काय टाळावे

आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर स्टोमा आलेले रुग्ण घरी जाण्यापूर्वी आहाराविषयी आणि पिशवी बदलण्याविषयी भरपूर विचारतात. कपड्यांचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शेवटी, हळू आवाजात येतो. "डॉक्टर, आता साडी नेसता येईल का?" "पँट घालून ऑफिसला गेलो तर लोकांना कळेल का?"

हा प्रश्न किरकोळ नाही. त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे काही जण कित्येक महिने गाऊन किंवा लुंगीवर घरातच राहतात, लग्नकार्ये टाळतात. काही जण याच्या अगदी उलट वागतात. पिशवी दिसू नये म्हणून पोट घट्ट आवळून घेतात, किंवा समारंभाच्या दिवशी खाणेपिणेच बंद करतात. यामुळे इजा होऊ शकते.

बहुतेकांना पूर्वीचे बरेचसे कपडे थोड्या फरकाने पुन्हा वापरता येतात. नियम एकच लक्षात ठेवा: कपड्याने पिशवी झाकली जावी, पण स्टोमावर कठीण दाब पडू नये आणि पिशवीत मल किंवा लघवी खाली उतरण्याची वाट अडू नये.

दाब का नको?

स्टोमा म्हणजे पोटावर उघडलेले आतड्याचे तोंड. मोठ्या आतड्याचा स्टोमा (कोलोस्टोमी) बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला असतो. लहान आतड्याचा स्टोमा (इलिओस्टोमी) आणि लघवीसाठी केलेला स्टोमा (युरोस्टोमी) बहुधा उजव्या बाजूला असतात. प्रत्यक्ष जागा शस्त्रक्रियेनुसार आणि पोटाच्या ठेवणीनुसार बदलते.

स्टोमा लाल आणि ओलसर असतो, तोंडाच्या आतल्या त्वचेसारखा. त्याला स्पर्शाची किंवा वेदनेची जाणीव नसते. त्यामुळे पट्ट्याचे बक्कल किंवा नाडीची गाठ त्यावर घासत राहिली, तरी दुखत नाही. पिशवीत रक्त दिसल्यावरच जखम झाल्याचे कळते. "दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" हा अंदाज इथे उपयोगाचा नाही.

घट्ट कपड्याने आणखी दोन अडचणी येतात. पिशवीचे दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटतात, मल खाली न उतरता स्टोमाभोवतीच साचतो आणि पिशवीचा चिकटणारा भाग (फ्लँज) सुटून गळती होते. तसेच पिशवी मध्येच दुमडली गेली तर वरचा अर्धा भाग भरतो आणि खालचा रिकामाच राहतो.

अंतर्वस्त्राचा किंवा ताणल्या जाणाऱ्या कापडाचा मऊ, सारखा दाब मात्र चालतो. त्याने पिशवी पोटालगत राहते आणि तिचे वजन पेलले जाते.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी पोटावर खूण करून ठरवतात. प्रशिक्षित स्टोमा नर्स किंवा सर्जन तुम्हाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकायला सांगून पोटाच्या वळ्या पाहतात. या तपासणीला जाताना रोजचे कपडे घालून जा. परकराची नाडी कुठे बांधता, पँट बेंबीच्या वर घालता की खाली, जमिनीवर मांडी घालून बसावे लागते का, शेतात वाकून काम असते का, हे आपणहून सांगा. एक-दोन बोटांच्या फरकाने पुढचा त्रास वाचू शकतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत एवढा वेळ मिळतोच असे नाही. अशा वेळी कपड्यांत बदल करावा लागतो.

पहिले ६ ते ८ आठवडे

या काळात पोटाला सूज असते आणि स्टोमाचा आकारही हळूहळू कमी होत जातो. म्हणून नवे कपडे लगेच शिवून घेऊ नका. सुती गाऊन, सैल कुर्ता, मऊ इलॅस्टिकचा पायजमा एवढे पुरेसे आहे. इलॅस्टिक टाक्यांवर किंवा स्टोमावर येत असेल तर एक माप मोठे घ्या.

साडी, परकर आणि नऊवारी

साडीत खरी अडचण असते ती परकराच्या नाडीची. बारीक नाडीचा सगळा दाब एकाच रेषेवर येतो.

- नाडी स्टोमाच्या वर किंवा खाली बांधा, त्यावरून नको. फ्लँजच्या कडेवरही नाडी घासू देऊ नका.
- गाठ स्टोमाच्या विरुद्ध बाजूला घ्या.
- बारीक नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक लावून घ्या. ताणले जाणारे साडी शेपवेअर चालते, पण नेहमीपेक्षा एक माप मोठे आणि फार आवळणारे नसावे.
- निऱ्यांचा जाड थर स्टोमावर खोचू नका. निऱ्या थोड्या दुसऱ्या बाजूला घेता येतात.
- पिना पिशवीपासून दूर लावा. पिनेचे टोक, जरीची कडक किनार किंवा भरतकामाची तार पिशवीला भोक पाडू शकते. कमरपट्टा घालायचा असल्यास तो स्टोमाच्या रेषेत येत नाही ना, हे पाहा.

नऊवारीत कमरेची गाठ घट्ट असते आणि काष्ट्यामुळे ओटीपोटावर ओढ येते. रोज नऊवारी नेसणाऱ्यांनी गाठ बाजूला घ्यावी, काष्टा थोडा सैल ठेवावा आणि पिशवी वेळेवर रिकामी करावी. एखाद्या समारंभापुरती हवी असेल तर कमरेला इलॅस्टिक असलेली शिवलेली नऊवारी सोयीची पडते.

सलवार-कमीज आणि कुर्ता-लेगिंग्ज बहुतेकींना सोपे जातात. कमीज कमरेपासून थोडी घेरदार आणि मांडीपर्यंत लांब असली की पिशवी थोडी फुगली तरी दिसत नाही.

पँट, पायजमा, धोतर

पँटचा पट्टा स्टोमावरून जात असेल तर तीन मार्ग आहेत: कंबर उंच असलेली पँट, खांद्यावरून जाणारे सस्पेंडर्स किंवा कमरेला इलॅस्टिक घातलेली पँट. पुढे चुण्या असलेल्या पँटमध्ये पिशवीला जास्त जागा मिळते. शर्ट बाहेर सोडला किंवा वर जाकीट घातले की झाकण्याचा प्रश्न बराच सुटतो.

धोतर आणि लुंगीची गाठ स्टोमाच्या विरुद्ध बाजूला घ्या. पायजम्याची नाडी काढून रुंद इलॅस्टिक घालून घेणे हे शिंप्याचे लहानसे काम आहे. शिंप्याला सगळे सांगायची गरज नाही. "पोटाचे ऑपरेशन झाले आहे, इथे दाब नको" एवढे पुरते.

युरोस्टोमीत पिशवी लवकर भरते आणि जड होते. लांबच्या प्रवासात मांडीला किंवा पोटरीला बांधायची जोडपिशवी वापरत असाल तर पँटचा पाय सैल हवा. नळीला कुठे पीळ पडत नाही ना, हे बसून आणि उभे राहून तपासा.

अंतर्वस्त्रे आणि पिशवीचे आवरण

कंबर उंच असलेले, ताणले जाणारे सुती अंतर्वस्त्र हा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी आधार आहे. पिशवी त्याच्या आत ठेवली की ती लोंबकळत नाही. काही जण आतल्या बाजूला कापडी खिसा शिवून घेतात. त्यामुळे पिशवीचे प्लास्टिक त्वचेला लागत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामामुळे फ्लँज सुटणे ही नेहमीची तक्रार असते. जुन्या मऊ सुती साडीचे किंवा मलमलचे आवरण पिशवीला शिवून घ्या. ते घाम टिपते आणि प्लास्टिकचा आवाजही कमी करते. तीन-चार आवरणे असली की रोज धुता येतात. फ्लँजखालच्या त्वचेवर टाल्कम पावडर किंवा तेल लावू नका, चिकटणारा भाग टिकत नाही.

पिशवी दिसू नये म्हणून

- पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. हा उपाय कोणत्याही कपड्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.
- गडद रंग, छापील नक्षी आणि थोडे जाड कापड उठाव लपवते. पांढऱ्या किंवा झिरझिरीत कपड्याखाली अस्तर वापरा.
- उपाशी राहू नका. पोट रिकामे असले तरी स्टोमाचे काम थांबत नाही, उलट वायू वाढू शकतो. इलिओस्टोमी असताना पाणी कमी प्यायल्यास शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात.
- गर्दीच्या लोकलमध्ये किंवा बसमध्ये खांद्यावरची बॅग पोटासमोर धरा.
- गाडीत सीट बेल्ट लावाच. कमरेचा पट्टा नेहमीप्रमाणे खाली, नितंबाच्या हाडांवरून घ्या आणि तो थेट स्टोमावर येणार नाही असा सरकवा.
- बाहेर जाताना एक पिशवी, पुसण्याचे कापड, एक अंतर्वस्त्र आणि गडद रंगाची ओढणी किंवा उपरणे जवळ ठेवा.

नवा कपडा समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी घरी दोन तास घालून पाहा. मांडी घालून बसा, वाका, जिना चढा. नंतर पिशवी नीट खालपर्यंत भरली आहे का आणि स्टोमाचा रंग लाल आहे का, हे तपासा.

आधारपट्टा: कोणता आणि कशासाठी?

"बेल्ट" या एकाच शब्दाने तीन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात.

१. *ऑस्टॉमी बेल्ट.* हा अरुंद पट्टा पिशवीच्या कड्यांत अडकवतात. त्याने पिशवी जागेवर राहते. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत.

२. *आधार देणारी वस्त्रे.* कमरेची लवचिक पट्टी किंवा उंच अंतर्वस्त्र. हलक्या आधारासाठी आणि पिशवी पोटालगत ठेवण्यासाठी.

३. *हर्निया आधारपट्टा.* रुंद आणि मजबूत. स्टोमाशेजारी पोटाच्या स्नायूंतून आतडे बाहेर ढकलले जाऊन फुगवटा येतो, त्याला पॅरास्टोमल हर्निया म्हणतात. तो बऱ्याच रुग्णांत आढळतो. कायमच्या कोलोस्टोमीत पहिल्या वर्षातच ३० टक्क्यांहून अधिक जणांना तो होतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

पट्टा बांधला म्हणजे हर्निया होणारच नाही, असे खात्रीने सांगण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. हर्निया झाल्यावर तो बराही होत नाही. पण ओढ आणि जडपणा कमी होतो, काम करताना आधार वाटतो आणि कपडे नीट बसतात. वजन उचलताना, बराच वेळ उभे राहताना किंवा व्यायाम करताना त्याचा उपयोग होतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे जड वजन उचलणे टाळावेच लागते. ते कधी सुरू करायचे, हे सर्जनला विचारा.

पट्टा वापरताना:

- माप स्टोमा नर्सकडून घ्या. बाळंतपणानंतरचा किंवा कंबरदुखीचा पट्टा स्टोमावर बांधू नका.
- पिशवी रिकामी करा, १० ते १५ मिनिटे उताणे पडा आणि फुगवटा आत गेल्यावर झोपूनच पट्टा बांधा.
- पिशवीसाठी भोक असलेला पट्टा हवा की सलग, हे पिशवी आणि हर्नियाच्या आकारावर ठरते. घरी कात्रीने भोक पाडू नका. कापडाची ताकद जाते आणि कड स्टोमाला लागते.
- पहिल्या दिवशी तासाभराने पट्टा सोडून स्टोमाचा रंग, पिशवी आणि त्वचा पाहा.
- जेवणानंतर पोट फुगल्यासारखे वाटले तर पट्टा सैल करा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रात्री काढून ठेवा.
- धुण्यासाठी एक जादा पट्टा ठेवा. इलॅस्टिक ढिले झाले की तो बदला.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढील लक्षणे दिसल्यास पट्टा आणि घट्ट कपडे लगेच काढा आणि विलंब न करता रुग्णालयात जा:

- स्टोमाचा रंग जांभळा, काळसर किंवा फिकट पांढरा होणे
- पिशवीत काहीच न येणे आणि सोबत पोटदुखी, पोट फुगणे किंवा उलट्या
- हर्नियाचा फुगवटा अचानक कडक, दुखरा होणे किंवा आत न जाणे
- स्टोमातून थांबत नसलेला रक्तस्राव

पिशवी वारंवार गळणे, फ्लँजखालची त्वचा लाल किंवा सोललेली दिसणे, स्टोमाशेजारी नवा फुगवटा येणे किंवा स्टोमा पूर्वीपेक्षा लांब बाहेर येणे, यांसाठी काही दिवसांत भेट घ्या. अनेकदा पिशवीचा प्रकार बदलला की कपड्यांचा प्रश्नही सुटतो.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच रुग्णांसाठी काम करते. इतर शहरांत मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात स्टोमा नर्सची चौकशी करा. भेटीला जाताना जो कपडा घालायची इच्छा आहे तो सोबत न्या आणि तिथेच घालून दाखवा. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. तो उपचाराचाच भाग आहे.