दाताचा थ्री-डी एक्स-रे : कधी लागतो, कधी लागत नाही?

अमरावती/अकोला : दाढ ठणकते म्हणून दवाखान्यात गेलं अन् साधा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, ‘थ्री-डी काढून आणा’, की पहिला प्रश्न पडतो, खरंच गरज आहे की उगाच खर्च? धारणी, दर्यापूर, तेल्हारा, पातूर इथून शहरात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, बसभाडं वेगळंच. म्हणून ही तपासणी नेमकी काय आहे, ते आधी समजून घ्या.

तपासणी कशी होते?
या तपासणीला ‘सीबीसीटी’ म्हणजे कोन बीम सीटी म्हणतात. १९९०च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये ही यंत्रं पुढे आली. साधा एक्स-रे भिंतीवरच्या सावलीसारखा असतो. लांबी-उंची दिसते, जाडी कळत नाही. सीबीसीटीत यंत्र डोक्याभोवती फिरतं, शेकडो चित्रं घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून जबड्याचं त्रिमितीय चित्र तयार करतो. साधारण अर्ध्या मिनिटाचं काम. सुई नाही, दुखत नाही. फक्त हलायचं नाही.

कधी कामाला येते?
- खालची अक्कलदाढ : तिची मुळं कधी कधी ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला चिकटून असतात. नसेला इजा झाली तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. नस किती जवळ आहे ते आधीच दिसतं.
- रूट कॅनॉल : वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी बारीक नळी असते. ती सुटली तर उपचारानंतरही दुखणं राहू शकतं.
- इम्प्लांट : स्क्रू बसवायला हाड किती उंच, किती रुंद आहे ते मोजता येतं.
- हाडात अडकलेला सुळा, जबड्यातली गाठ, अपघातातलं फ्रॅक्चर.

खर्रा खाणाऱ्यांसाठी
खर्रा, गुटखा, सुपारीने अनेकांचं तोंड उघडणं कमी होतं. अशा वेळी तोंडात फिल्म ठेवणंच कठीण जातं. सीबीसीटी बाहेरून निघते, त्यामुळे सोय होते. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : ही तपासणी हाड दाखवते, मऊ भाग नीट दाखवत नाही. गालातला पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ‘थ्री-डी नॉर्मल आला’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना तोंड दाखवा. त्यांनी सांगितलं तर तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी, टाळू नका.

कधी गरज नसते?
साधी कीड, दात साफ करणं, सिमेंट भरणं, हलणारा दात काढणं यासाठी सहसा साधा एक्स-रे पुरतो, कधी तोही लागत नाही. धातूच्या कॅप असतील तर चित्रात पांढरे पट्टे येतात अन् आजूबाजूचं नीट दिसत नाही.

किरणांची भीती किती?
किरणोत्सर्ग साध्या दाताच्या एक्स-रेपेक्षा जास्त, पण दवाखान्यातल्या मोठ्या सीटी स्कॅनपेक्षा बहुधा कमी असतो. जेवढा भाग लहान घेतला, तेवढे किरण कमी. लहान मुलांना किरणांचा धोका जास्त, म्हणून त्यांच्या बाबतीत गरज असेल तरच. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर आधीच सांगा. देशात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे.

जाण्याआधी हे विचारा
१. साध्या एक्स-रेत काय दिसलं नाही, म्हणून थ्री-डी हवा?
२. फक्त एका दाताचा भाग घेतला तर चालेल का?
३. एकूण खर्च किती?
४. रिपोर्टसोबत सीडी किंवा पेनड्राइव्हवर फाइल मिळेल का?

फाइल जपून ठेवा. पुढे डॉक्टर बदलला, अमरावतीहून नागपूरला जावं लागलं, तरी तीच दाखवता येते. पुन्हा पैसे अन् पुन्हा किरण, दोन्ही वाचू शकतात.