काळ्या सहाचे पंधरा दिवस

माझ्या टेबलावर सध्या एक विमान अर्धवट जोडून ठेवलेले आहे. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३१ सेंटिमीटर. खऱ्या विमानाचे ९.९२ मीटर भागिले ३२. जोडकाम बरेच झाले आहे, पण रंगाला कालपर्यंत हात लावलेला नव्हता. रंग लावण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागायला हवा होता. हे विमान कोणत्या तारखेचे?

विमान म्हणजे मेसरश्मिट बीएफ १०९ जी-२, उष्ण प्रदेशासाठी सजवलेले, कारखान्याचा क्रमांक १०६३९. लाइपझिगच्या एर्ला कारखान्यात १९४२ मध्ये ते तयार झाले. तिथून निघताना त्याच्या अंगावर पीजी+क्यूजे ही चार अक्षरे होती. आफ्रिकेत पोहोचल्यावर ती रंगाखाली गेली आणि काळा ६ आकडा आला. ऑस्ट्रेलियनांनी ते पकडले तेव्हा सीव्ही-व्ही झाले, इंग्लंडला नेल्यावर आरएन २२८ झाले. पुढे १९७२ पासून रस स्नॅडन आणि त्याच्या सोबत्यांनी जवळजवळ दोन दशके खपून ते पुन्हा उडण्याजोगे केले आणि मार्च १९९१ मध्ये ते आकाशात गेले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी डक्सफर्डला उतरताना ते शेतात उलटले. त्यानंतर त्याची डागडुजी झाली, पण फक्त पाहण्यापुरती. आता ते कॉस्फर्डच्या संग्रहालयात उभे आहे.

एकाच सांगाड्यावर इतकी नावे येऊन गेली. मॉडेल मात्र एकाच दिवसाचे होऊ शकते. बाजारात मिळणारे बहुतेक ‘काळे सहा’ खरे तर १९९१ चे विमान असते, संग्रहालयातल्या रंगीत फोटोंवरून रंगवलेले. मला हवे होते ते १९४२ च्या शरदातले, आघाडीवरचे. म्हणून कागदांकडे वळलो.

लुफ्तवाफचे, म्हणजे जर्मन हवाई दलाचे, बहुतेक दप्तर १९४५ मध्ये जर्मनांनीच जाळले. जे वाचले त्यात क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्याने ठेवलेल्या नुकसानीच्या याद्या आहेत. कोरड्या रकान्यांच्या याद्या: तारीख, तुकडी, विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, ठिकाण, कारण, आणि शेवटी नुकसान टक्क्यांत. साठ टक्क्यांच्या वर गेले की विमान मोडीत. या आकड्यांमागे माणूस शोधावा लागतो. ‘काळ्या सहा’च्या बाबतीत तो सापडतो: जेजी ७७ या लढाऊ विमानदलाच्या ३ऱ्या ग्रुपमधल्या ८व्या स्टाफेलचा, म्हणजे तुकडीचा, लेफ्टनंट हाइन्झ ल्युडेमान. ४ नोव्हेंबर १९४२ रोजी लढाईत विमानाला मार बसला, त्याच्या डोक्याला किरकोळ जखम झाली आणि तो विमान खाली उतरवू शकला. तो एल अलामेनचा शेवटचा मोठा दिवस होता. जर्मन आघाडी फुटली ती त्याच दिवशी. त्याच वाळूत, रुवायसतच्या धारेवर, चौथी भारतीय डिव्हिजन ठाण मांडून होती.

काळा आकडाही आपल्या परीने कागदच आहे. स्टाफेलचा रंग आकड्यावरून कळे, आणि ८व्या स्टाफेलचा आकडा काळा असे.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. जेजी ७७ चा ३रा ग्रुप आफ्रिकेत पोहोचला तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. ४ नोव्हेंबरला विमान जखमी झाले आणि नोव्हेंबरच्या मध्यात ते गँबूटच्या धावपट्टीवर सोडून दिलेले सापडले. म्हणजे आघाडीवरचा ‘काळा सहा’ फार तर पंधरा दिवसांचा.

या पंधरा दिवसांनी माझे सगळे नियोजन बदलले. आफ्रिकेतले विमान म्हटले की आपला हात आपोआप एका साच्यात जातो: उन्हाने उडालेला, पांढुरका पडलेला रंग, पंखांच्या मुळाशी खरवडलेले ॲल्युमिनियम, जागोजाग डाग. हातखंडा झालेली ही तऱ्हा मी स्वतः पूर्वी वापरली आहे. पण कारखान्यातून बाहेर पडून दोन-तीन महिनेही न झालेल्या रंगाला ऊन इतके खाणार नाही. वाळू मात्र खाते, आणि तीही लगेच. प्रोपेलरच्या पात्यांच्या पुढच्या धारा, पंखाची पुढची कड, वैमानिक चढतो ती डाव्या पंखाच्या मुळाची जागा, चाकांच्या आसपासचा पोटाचा भाग, इथे झीज दिसायला हवी. एक्झॉस्टच्या मागे काजळी यायला हवी, कारण ती एका उड्डाणातच येते. बाकी रंग जवळजवळ नवाच राहिला पाहिजे. नव्या विमानावर बारीक धुळीचा थर आणि जुने झालेले विमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्रशने त्या वेगळ्या करणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

फोटोंचे काय? ऑस्ट्रेलियाच्या ३ स्क्वॉड्रनचा प्रमुख बॉबी गिब्स याने गँबूटला सापडलेले हे विमान दुरुस्त करवून घेतले, त्यावर स्वतःच्या विमानाची सीव्ही-व्ही ही अक्षरे रंगवली आणि ते उडवले. त्या दिवसांतले फोटो आहेत, आणि विमानाचा इतका जवळचा पुरावा दुसरा नाही. तरीही तो जपून वापरावा लागतो. मार बसलेले विमान गिब्सच्या मेकॅनिकांनी आसपास पडलेल्या दुसऱ्या मेसरश्मिटचे सुटे भाग लावून उभे केले होते. फोटोत दिसणारी प्रत्येक वस्तू ल्युडेमानच्या विमानावर होतीच असे म्हणता येत नाही. मधल्या धडाबद्दल फोटोवर विसंबायला हरकत नाही. कॅनपीबद्दल मी विसंबलो नाही, तिथे जी-२ ची सर्वसाधारण रेखाचित्रे प्रमाण धरली.

फोटोवरून रंग ठरवणे त्याहून धोक्याचे. त्या काळी बऱ्याच कॅमेऱ्यांत असणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे. पिवळा रंग त्यावर गडद उमटे, फिकट निळा जवळजवळ पांढरा. करड्या छटांवरून रंग सांगणारा माणूस मोठ्या आत्मविश्वासाने चुकतो. म्हणून रंगासाठी दुसरा कागद: जर्मन हवाई मंत्रालयाची एल.डीव्ही. ५२१/१ ही रंगलेपनाची नियमावली, नोव्हेंबर १९४१ ची आवृत्ती. उष्ण प्रदेशासाठी वर वाळूचा पिवळा ७९, खाली फिकट निळा ७८. कॉकपिटच्या आत काळपट करडा ६६. त्याआधीचा राखाडी-हिरवा ०२ नव्हे. हा शेवटचा बदल लक्षात न ठेवल्याने कितीतरी सुंदर मॉडेलांचे कॉकपिट एका वर्षाने मागे गेलेले मी पाहिले आहे. ७९ च्याही दोन छटा होत्या, आधीची पिवळसर आणि नंतरची तांबूस तपकिरीकडे झुकणारी. १९४२ च्या उत्तरार्धातल्या विमानाला मी दुसरी दिली.

माझे किट जी-६ चे आहे. जी-६ आले १९४३ मध्ये, त्यामुळे त्याच्या नाकावर १३ मिलिमीटरच्या मशीनगनसाठी दोन फुगवटे आहेत आणि पंखांवर मोठ्या चाकांसाठी आणखी दोन. जी-२ ला यांतले एकही नाही. चारही फुगवटे घासून सपाट करायला दोन संध्याकाळी गेल्या. चाके ६५० मिलिमीटर व्यासाची हवीत, म्हणजे माझ्याकडे २०.३ मिलिमीटर. किटमधल्या पॅनेल लाइन ०.२ मिलिमीटर रुंद आहेत. ३२ ने गुणले तर खऱ्या विमानावर जवळजवळ साडेसहा मिलिमीटरची फट होते, आणि अशा फटी असलेले विमान कुणी उडवले नसते. त्या पुट्टीने भरून, सुकवून, सुईने पुन्हा ओढल्या. डाव्या बाजूला सुपरचार्जरच्या तोंडावर वाळूचा फिल्टर बसवला. कॅनपीच्या खाली, त्याच बाजूला, तांदळाच्या कणीएवढ्या दोन कड्या चिकटवल्या. त्या छत्रीसाठी असत. उड्डाणाचा हुकूम येईपर्यंत वैमानिक तापलेल्या कॉकपिटमध्ये बसून राही, आणि त्याच्या डोक्यावर साधी मोठी छत्री या कड्यांत अडकवत. एवढ्या मोठ्या यंत्रात माणसाच्या अंगाला लागणाऱ्या उन्हाचा विचार केलेली ही जागा मला फार जवळची वाटते.

इथे एक गोष्ट बाजूला सारून पुढे जाता येत नाही. एर्लाच्या लाइपझिगमधल्या कारखान्यासाठी १९४३ मध्ये थेक्ला भागात बुखनवाल्डच्या छळछावणीची शाखा निघाली. कैद्यांकडून विमानांचे भाग बनवून घेतले जात. १८ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकन फौज दारात आलेली असताना, एसएसच्या माणसांनी मागे राहिलेल्या आजारी कैद्यांना अबटनाउंडॉर्फच्या बराकीत कोंडून ती पेटवली आणि जे बाहेर पळाले त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. क्रमांक १०६३९ त्या छावणीच्या आधीचा आहे. तारखा तसे सांगतात आणि तारखांशी मी प्रामाणिक राहतो. पण कारखान्याचे नाव तेच आहे. जर्मनीत नाझी चिन्हाच्या प्रदर्शनावर कायद्याने बंदी असल्यामुळे अनेक किटांच्या डेकलमधून शेपटीवरचे चिन्ह गाळलेले असते. मी ते लावणार आहे. ते विमान कुणाचे होते हे कुणी मॉडेल पाहताना विसरू नये, यासाठी.

उरला प्रश्न पीजी+क्यूजेचा. विमान पुन्हा उभे करताना रंगाचे थर एकावर एक घासून उतरवले गेले, आणि जुन्या खुणा खालून वर आल्या. म्हणजे आघाडीवर ती अक्षरे खरवडली नव्हती, फक्त झाकली होती. म्हणून काल रात्री मी प्रायमरवर वाळूचा रंग मारून त्यावर आधी हीच चार अक्षरे काळ्याने रंगवली, क्रूसाच्या दोन बाजूंना दोन-दोन. आज संध्याकाळी एअरब्रशने त्यांच्यावर ७९ चे दोन पातळ हात दिले. सुकल्यावर दिवा तिरका धरून पाहिले, तर क्यूची शेपटी अजून अंधुक दिसत होती. तिसरा हात दिला नाही. उद्या तिच्या शेजारी काळा ६ बसेल.