घुमणाऱ्या आवाजाचं घर

पुण्यातल्या माझ्या स्टुडिओत एका संध्याकाळी जुनं सेशन उघडलं आणि पडद्यावर यादी आली: सात प्लगइन्स, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, सापडत नाहीत. सेशन एका नाटकाच्या पार्श्वसंगीताचं होतं, दहा वर्षांपूर्वीचं. नाटक पुन्हा रंगमंचावर येणार होतं. त्याच्या दुसऱ्या अंकात नायिकेला विहिरीतून आजोबांची हाक ऐकू येते. ती हाक ज्या नटांनी दिली, ते आता हयात नाहीत. त्यांचा आवाज हार्ड डिस्कवर सुखरूप होता. फेडर वर केला, तर काचेपलीकडच्या बूथमध्ये उभं राहून बोलावं तसा स्वच्छ, कोरडा आवाज आला.

शेजारी बसलेल्या तरुण दिग्दर्शिकेने विचारलं, "दादा, विहीर कुठे गेली?"

आदल्या आठवड्यात मी कॉम्प्युटरची सिस्टीम अपडेट केली होती. हाकेला विहिरीची खोली देणारं रिव्हर्बचं, म्हणजे आवाज घुमवणारं, प्लगइन नव्या सिस्टीमवर चालत नव्हतं आणि ते बनवणारी छोटी कंपनी कधीच बंद झाली होती. सेशनमधल्या त्याच्या खाचेत नाव तेवढं उरलं होतं, राखाडी, तिरप्या अक्षरांत.

आमच्या धंद्यात घुमणं ही पूर्वी जागेची देणगी होती. 1947 साली शिकागोत बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओचं न्हाणीघर त्यासाठी वापरलं. आत स्पीकर लावून गाणं वाजवायचं आणि फरशीवरून परतलेला आवाज माइकने टिपायचा. 1957 मध्ये जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने जागेऐवजी पत्रा आणला. सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत टांगलेला असे आणि त्याच्या थरथरण्यातून घुमणं मिळे. 1976 मध्ये त्याच कंपनीचं डिजिटल यंत्र आलं. न्हाणीघर, पत्रा, यंत्र, सगळ्या हाताला लागणाऱ्या वस्तू. बिघडल्या तर उघडून दुरुस्त करता यायच्या.

मी हे काम शिकलो ते अडॅट या डिजिटल टेप-यंत्रावर. व्हीसीआरच्या धाटणीच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक बसायचे. आमच्याकडे रिव्हर्बचं यंत्र एकच. गायकाला ते दिलं की बासरीला उरायचं नाही. म्हणून आधी बासरीचं घुमणं ठरवायचं, ते टेपवर छापायचं आणि मग यंत्र मोकळं करायचं. माझे गुरू म्हणायचे, "ठरवलंस ना? मग छापून टाक." ती शिस्त तुटवड्याने लावलेली होती. पण तिच्यामुळे आवाज टेपवर पक्का उमटायचा. यंत्र दुसऱ्या दिवशी जळालं, तरी बासरी घुमतच राहायची.

प्लगइनने तो तुटवडा संपवला. वेव्ह्ज या इस्रायली कंपनीचा क्यू-टेन हा इक्वलायझर 1992 मध्ये आला. 1996 मध्ये हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस या आपल्या संगीत-सॉफ्टवेअरसोबत प्लगइन जोडण्याची व्हीएसटी ही पद्धत आणली आणि तिचे नियम इतरांनाही खुले केले. त्यानंतर कुणीही, अगदी घरी बसलेला एकटा प्रोग्रामरही, इक्वलायझर, रिव्हर्ब, सिंथेसायझर बनवू लागला. एका यंत्राच्या जागी मला वीस रिव्हर्ब मिळाले. प्रत्येक वाद्याला वेगळा, आणि शेवटच्या क्षणापर्यंत बदलता येणारा. छापायची गरज उरली नाही, तशी सवयही गेली.

त्या सोयीची खरी किंमत आम्हाला उशिरा कळली. सेशनच्या फाइलमध्ये घुमलेला आवाज नसतोच. तिथे असतो कोरडा आवाज आणि कृती: अमुक प्लगइन घ्या, इतके सेकंद घुमण्याची शेपूट ठेवा, इतकं मिसळा. घरच्या वहीत लोणच्याची कृती असावी आणि मसाला एकाच दुकानात मिळत असावा, तसं हे. दुकान बंद झालं की वही असूनही बरणी रिकामी.

अपडेटनंतर प्लगइनच का कोलमडतं, याचं कारण त्याच्या घडणीत आहे. प्लगइन स्वतःच्या पायावर उभं नसतं. ते यजमान सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून चालतं. त्यामुळे प्रोसेसर, सिस्टीम आणि यजमान या तिघांशीही त्याचं जुळावं लागतं. त्यातून चोरी रोखणारी कुलपं सिस्टीमच्या खोल थरात अडकवलेली. खालचा थर हलला की आधी कुलूप अडतं आणि विकत घेतलेलं प्लगइनही उघडत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत मॅकवर काम करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन चारदा सरकली. 2001 मध्ये मॅक ओएस टेन आली आणि ओएस नाइनसाठी लिहिलेली प्लगइन्स नव्या सॉफ्टवेअरमध्ये चालेनात. 2006 मध्ये प्रोसेसर बदलून इंटेलचे आले. 2019 च्या कॅटालिना या आवृत्तीने 32 बिटांचे सगळे प्रोग्राम बंद केले. 2020 च्या अखेरीस अ‍ॅपलचे स्वतःचे प्रोसेसर आले. विंडोजने 32 बिटांचे प्रोग्राम चालू ठेवले, पण 64 बिटांच्या यजमानात 32 बिटांचं प्लगइन थेट बसत नाही, मध्ये पूल बांधावा लागतो. हे बदल उगाच झाले नव्हते. 32 बिटांच्या प्रोग्रामला 4 जीबीपलीकडची मेमरी हाताळता येत नाही आणि तानपुऱ्यापासून वाद्यवृंदापर्यंतच्या सॅम्पल लायब्ऱ्यांना ती अपुरी पडू लागली होती. मोठ्या कंपन्यांनी प्रत्येक वेळी नवी आवृत्ती काढली. एकट्याने बनवलेली, प्रेमाने फुकट वाटलेली प्लगइन्स मात्र मागे राहिली.

एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. रोलँड या जपानी कंपनीने 1981 मध्ये टीबी-303 नावाची छोटी चंदेरी बेस पेटी काढली. 1997 मध्ये स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेडने तिची आणि रोलँडच्या ताल-यंत्राची नक्कल करणारं रीबर्थ हे सॉफ्टवेअर आणलं. कॉम्प्युटरवर संगीत करणाऱ्या आमच्या पिढीने ते डोळे विस्फारून पाहिलं. 2005 मध्ये कंपनीने त्याचं काम थांबवलं. आजच्या मॅकवर ते चालत नाही. 1981 ची पेटी मात्र आजही वीज जोडली की वाजते.

विहिरीचा प्रश्न सोडवायला मी आधी नवे रिव्हर्ब लावून पाहिले. एकात देऊळ ऐकू येई, दुसऱ्यात बोगदा. ती विहीर काही सापडेना. शेवटी पटनमच्या वाटेने जायचं ठरवलं. भोरजवळ आमच्या मामांच्या गावी दगडी विहीर आहे. एप्रिल होता, पाणी तळाला गेलेलं. बॅटरीवर चालणारा स्पीकर पायऱ्यांवरून खाली नेला, दोन माइक काठावरून सोडले. शेजारच्या शेतातला पंप बंद होईपर्यंत आणि कपारीतले पारवे शांत होईपर्यंत थांबलो. मग हाक वाजवली.

आजोबांचा आवाज पाण्यावर आपटून दगड चाटत वर आला. हाक देणाऱ्या नटांना जाऊन चार वर्षं झाली होती. काठावर उभ्या असलेल्या मामांनी टोपी काढली.

पुण्यात परतल्यावर दिग्दर्शिकेने दोनदा ऐकलं. म्हणाली, "दादा, आधीचे आजोबा लांबून बोलवायचे. हे जवळ आहेत. हेच ठेवू या." पहिली विहीर परत आली नव्हती, येणारही नव्हती. पण ही दुसरी कुठल्याही प्लगइनवर अवलंबून नाही.

आता काम संपलं की मी सेशन तसंच मिटत नाही. प्रत्येक ट्रॅक दोनदा वेव्ह फाइलमध्ये छापतो, एकदा कोरडा, एकदा घुमलेला. वेव्ह हे स्वरूप 1991 चं, आणि आजही कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं. सोबत साध्या मजकुराची फाइल ठेवतो: कोणतं प्लगइन, कोणती आवृत्ती, कोणती सिस्टीम, कुठला आकडा किती. अपडेट करण्याआधी जुन्या सिस्टीमची पूर्ण प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना यात अर्धा तास जास्त जातो म्हणून कंटाळा येतो. मी त्यांना ती हाक आधी कोरडी ऐकवतो, मग विहिरीतली. त्यानंतर गुरूंचे शब्द सांगतो: ठरवलंस ना? मग छापून टाक.