फॉन्टचा शोध आणि लायब्रऱ्यांचे परस्परावलंबन

छापखान्यात खिळा हाती असल्यावाचून अक्षर उमटत नसे. संगणकात मात्र अक्षराचा संकेतांक एकीकडे आणि त्याचा आकार दुसरीकडे, अशी फारकत पहिल्यापासूनच आहे. ह्या दोहोंची गाठ कोणी घालून द्यावयाची, ह्या प्रश्नाची उत्तरे गेल्या चार दशकांत वरचेवर बदलत गेली.

इ. स. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘एक्स’ ह्या विंडो-पद्धतीस प्रारंभ झाला. तिच्यात फॉन्ट सर्व्हरच्या ताब्यात असत. आज्ञावलीने केवळ नावाने मागणी करावयाची. पुढे हे नाव चौदा घटकांचे ठरले : निर्माता, कुल, जाडी, तिरकेपणा, उंची, वर्णसंच इत्यादी. एखाद्या जहागीरदाराच्या किताबांसारखीच ही नामावळी लांबलचक होती. अक्षरांच्या रेखा आणि त्यांच्या जोडणीचे नियम आज्ञावलीच्या हाती येत नसल्यामुळे रोमन लिपीचे काम कसेबसे भागे. जोडाक्षरांच्या लिपींची मात्र कुचंबणा होई.

डेव्हिड टर्नर ह्यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या ‘फ्रीटाइप’ लायब्ररीने फॉन्टची फाइल थेट वाचण्याची सोय केली. त्यानंतर कीथ पॅकार्ड ह्यांनी शोधाचे काम २००२ मध्ये ‘फॉन्टकॉन्फिग’ ह्या स्वतंत्र लायब्ररीत वेगळे काढले. एक्सशी संबंध नसलेल्या आज्ञावल्यांसही ती वापरता यावी, हा त्यामागील हेतू होय. तिचा स्वभाव जुन्या पद्धतीच्या नेमका उलट आहे. मागितलेला फॉन्ट नसला तरी ती सहसा नकार देत नाही. त्यातल्या त्यात जवळचा काढून देते. हे औदार्य सोयीचे खरे, पण त्यामुळे चूक झाकली जाते, हेही नाकारता येत नाही.

मराठीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. भेद काय तो रफार आणि आडव्या अर्ध्या र चा. फॉन्टकॉन्फिग भाषेची पारख करते ती फॉन्टमधील संकेतांक मोजून. अर्ध्या र ला स्वतःचा संकेतांक नाही. ते रूप फॉन्टमधील नियमांतून घडते. सबब मोजणीत उत्तीर्ण झालेला फॉन्टही प्रत्यक्षात पाय मोडलेला ऱ आणि सुटा य दाखवू शकतो.

हे नियम लागू करण्याचे काम ‘हार्फबझ’चे. तिचा मूळ अंश फ्रीटाइपमधूनच निघालेला. पँगो आणि क्यूटी ह्या दोन प्रकल्पांनी त्याच्या निरनिराळ्या प्रती बाळगल्या होत्या, त्या पुढे एकत्र आणण्यात आल्या. बेहदाद एस्फहबोद ह्यांनी नंतर तिची नव्याने रचना केली. परंतु घर वेगळे झाले तरी व्यवहार तुटला नाही. हार्फबझ फ्रीटाइपचा उपयोग करू शके. २०१३ नंतर फ्रीटाइपच्या स्वयंचलित अक्षर-सुधारणेस हार्फबझचे साहाय्य मिळू लागले. दोन्ही मुळापासून बांधावयाच्या तर आधी कोणती? अनेक वर्षे प्रघात असा, की प्रथम फ्रीटाइप हार्फबझविना बांधावी, मग हार्फबझ, आणि शेवटी फ्रीटाइप पुन्हा एकवार. पाटबंधाऱ्याच्या कामात असा क्रम सांगितला तर अभियंत्यास हसू येईल. संगणकाच्या व्यवहारात तो निमूटपणे पाळला गेला.

विंडोज व मॅक ह्यांचे अक्षरजुळणीचे स्वतःचे मार्ग होते, म्हणून एकच दस्तऐवज यंत्रागणिक वेगळा दिसे. लिब्रेऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीत सर्व यंत्रणांवर हार्फबझ स्वीकारून ह्या विसंगतीवर उपाय केला. लायब्ररी सोबत बाळगण्याच्या ह्या मार्गाचीही किंमत असते. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमध्ये, फॉन्टमधील पीएनजी चित्रे वाचण्याच्या भागात, गंभीर दोष आढळला आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापरही होत होता. क्रोम ब्राउझर आपली स्वतंत्र प्रत बाळगून असल्यामुळे लिनक्सच्या वितरणांनी सामाईक लायब्ररी दुरुस्त करून त्याचे भागणारे नव्हते. त्याची नवी आवृत्ती निराळीच काढावी लागली. डेबियनच्या धोरणात अशा अंतर्भूत प्रती टाळाव्यात असे सांगितले आहे, ते ह्याच कारणास्तव.